उतरवून घेण्याची साठ वर्षं

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन संस्था आहेत. एकीत पोथ्या आहेत, दुसरीत चित्रपट. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं ते १९६६ साली संपलं. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या, लेखनिकांना लागलेल्या डुलक्या, त्यांनी पदरची घातलेली भर, गाळलेल्या ओळी हे सगळं पारखायचं, यात पंडितांच्या दोन पिढ्या गेल्या. लेखनिक चुकले हे खरंच. पण त्यांनी जुनी पोथी जीर्ण होण्याआधी नवी उतरवून घेतली नसती, तर पारखायला काही उरलंच नसतं.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा इतिहास लिहायला बसलो आणि हा शेजार सारखा आठवत राहिला. १ फेब्रुवारी १९६४ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने साठी ओलांडली आहे. तिच्याविषयी लिहिताना किती चित्रपट, किती भाषा, कोणती दुर्मीळ भित्तिपत्रकं असा ऐवज मोजण्याची रीत आहे. स्मरणिकेत ते शोभतंही. मला मात्र या संस्थेची खरी ओळख तिच्या ऐवजापेक्षा तिच्या हातकामात दिसते. नायट्रेटच्या फिल्मवरचं ॲसिटेटवर, ॲसिटेटवरचं पॉलिएस्टरवर, फिल्मवरचं संगणकात आणि संगणकातलं एका फितीवरून दुसऱ्या फितीवर, अशी साठ वर्षं ती उतरवूनच घेते आहे. हे काम मध्येच थांबलं की काय होतं, तेही याच इतिहासात आहे.

सुरुवात सरकारी पद्धतीने झाली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींतून पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहायला १९६० उजाडलं. जागा मिळाली ती प्रभात फिल्म कंपनीची. कोल्हापूरहून आलेल्या ज्या प्रभातने या आवारात ‘संत तुकाराम’ केला, तिथेच आता विद्यार्थी कॅमेरे घेऊन फिरू लागले. चित्रपट शिकवायचा तर जुने चित्रपट दाखवायला हवेत, आणि दाखवायला ते कुठेतरी असायला हवेत. या साध्या गरजेतून संग्रहालय निघालं. माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाचा एक छोटा विभाग, इन्स्टिट्यूटच्याच आवारात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. यातून पुढे काही भव्य होईल, असं तेव्हाच्या फायलींना वाटलं नसावं.

ते झालं परमेश कृष्णन नायर या माणसामुळे. त्यांना सगळे नायरसाहेबच म्हणत. जन्म १९३३ चा, तिरुवनंतपुरमचा. सिनेमा करायचा म्हणून मुंबईला आले, आपल्याला दिग्दर्शक व्हायचं नाही हे लवकर ओळखलं आणि १९६१ साली इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक म्हणून दाखल झाले. १९६५ पासून ते संग्रहालयात होते. १९८२ साली संचालक झाले आणि १९९१ साली निवृत्त. या काळात त्यांनी सुमारे १२,००० चित्रपट जमवले. त्यांतले ८,००० च्या आसपास भारतीय. अंधारात, हातात छोटी विजेरी घेऊन, कुठल्या रिळात काय आहे हे वहीत टिपत चित्रपट पाहणारा हा माणूस इन्स्टिट्यूटच्या कित्येक तुकड्यांनी पाहिला आहे.

नायरसाहेबांचा एक हट्ट होता आणि तो अनेकांना खटकायचा. ते चांगला-वाईट असा निवाडा करत नसत. अभिजात चित्रपट ठेवायचे, हाणामारीचे आणि पौराणिक गल्लाभरू टाकायचे, असं त्यांना कधी पटलं नाही. मिळेल ते घ्यायचं. आज त्यांचं बरोबर होतं असं म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. पण सरकारी गोदामात जागा तोकडी, अनुदान तोकडं आणि वरून विचारणारे साहेब, अशा अवस्थेत हे धोरण वीस-पंचवीस वर्षं चालवायला कातडी जाड लागते. काय टिकावं हे आपण ठरवायचं नाही, फक्त टिकवायचं, हे पथ्य त्यांनी पाळलं.

पण ते आले तेव्हाच बराच उशीर झाला होता. मूकपटांच्या काळात भारतात १३०० हून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुटक असे ३० च्या आसपास आज हाती आहेत. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनवर टिपलेली कुस्ती गेली. १९१२ चा ‘पुंडलिक’ गेला. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’, देशाचा पहिला बोलपट, एक फूटभरसुद्धा उरला नाही.

याचं एक कारण आग आणि दुसरं चांदी. त्या वेळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. बंदुकीच्या दारूच्या कुळातली. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि कृष्णधवल फिल्मवरचं चित्र हे मुळात चांदीच्या कणांचं. चित्रपट उतरला, धंदा संपला, की त्याची प्रत भंगारवाल्याकडे जाई. तिथे फिल्म धुऊन चांदी काढत आणि उरलेल्या पट्टीचं काहीबाही होई. ‘आलम आरा’चे निर्माते आर्देशीर इराणी यांना नायरसाहेब जाऊन भेटले होते. घरात काही रिळं असतील म्हणून वृद्ध इराणींनी सांगितलं. पण ती चांदीसाठी आधीच दिली गेली होती, ही हकिगत नायरसाहेब पुढे आयुष्यभर सांगत. यात कुणाला खलनायक करण्यात अर्थ नाही. आपल्या आजोबांच्या घरातल्या तांब्यापितळेच्या हंड्यांचं काय झालं, हे आठवून पाहावं.

जे मिळालं ते फार चमत्कारिक वाटांनी मिळालं. दादासाहेब फाळके १९४४ साली नाशिकला वारले, तेव्हा त्यांच्या कामाची कुणाला फारशी किंमत उरलेली नव्हती. नायरसाहेबांनी त्यांच्या घरच्यांचा पाठपुरावा केला. ‘कालिया मर्दन’ या १९१९ च्या मूकपटाचे तुकडे मिळाले, ते जुळवून चित्रपट पुन्हा उभा केला. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांच्या लेकीने, मंदाकिनीने केलं आहे. तिचा तो खट्याळ चेहरा आज कुणालाही पाहता येतो, तो या जुळवाजुळवीमुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ मात्र अर्धाच. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच आहेत. मधली राज्यदानापासूनची सारी वणवण गेली.

मल्याळम ‘मार्तंड वर्मा’ची गोष्ट तर याहून मजेची. १९३३ चा हा मूकपट एका कादंबरीवर बेतलेला होता. कादंबरीच्या प्रकाशकाने हक्कावरून दावा लावला, चित्रपट काही दिवसांतच पडद्यावरून उतरला आणि प्रत तिरुवनंतपुरमच्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन पडली. कोर्टकज्जा झाला नसता, चित्रपट गावोगाव फिरला असता, तर घासून आणि जळून केव्हाच संपला असता. १९७४ साली संग्रहालयाने तो मिळवला. दिवाणी दाव्याने सिनेमा वाचल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

१९६९ साली संग्रहालय फिल्म संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं सदस्य झालं. हा महासंघ १९३८ चा, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिनच्या चार संस्थांनी काढलेला. सदस्यत्वाचा अर्थ सन्मानापेक्षा देवघेव असा होता. तुमच्याकडे आमचं काही असेल तर त्याची प्रत द्या, आम्ही तुम्हाला आमच्याकडची देतो. ही रीत आजही चालू आहे. १९१९ चा, कलकत्त्यात तयार झालेला ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये तुटक अवस्थेत सापडला. ५९४ मीटर फिल्म, म्हणजे चित्रपटाचा एक भाग. २०१६ साली तो डिजिटल प्रतीच्या रूपाने पुण्याला आला आणि बदल्यात १९३१ च्या ‘जमाई बाबू’ची प्रत पॅरिसला गेली. भाजीच्या वाटीच्या बदल्यात वाटी, तसं.

आता या उतरवून घेण्याचं काम जवळून पाहू. कारण इतिहासाच्या लेखांत ते येत नाही आणि संस्थेचे बहुतेक दिवस त्यातच गेले.

टेबलाच्या दोन टोकांना हाताने फिरवायच्या दोन चकत्या, मधे काचेखाली दिवा. डबा उघडायचा. ॲसिटेटची फिल्म आजारी असेल तर झाकण सरकवल्याबरोबर व्हिनेगरचा वास नाकात शिरतो, लोणच्याची बरणी फसल्यासारखा. नायट्रेटला आग लागते म्हणून पन्नासच्या दशकापासून जगभर ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म आली आणि सगळे निर्धास्त झाले. मग कळलं की उष्ण, दमट हवेत हीही कुजते, कुजताना आम्ल सोडते आणि ते आम्ल कुजणं आणखी वाढवतं. एका डब्यात सुरू झालं की शेजारच्या डब्यांनाही लागण होते. म्हणून डब्यात कागदाची एक निळी पट्टी टाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती निळीच असेल तर ठीक. हिरवी झाली तर रोग लागला. पिवळी झाली तर आज-उद्या प्रत करा, नाहीतर विसरा.

पट्टी झाली की सुती हातमोजे घालून रीळ चकतीवर चढवायचं. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे पडद्यावर जेमतेम ११ मिनिटं. दोन तासांच्या चित्रपटाची अशी १०-११ रिळं. एका हाताने चकती फिरवत, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत फिल्मची कड अलगद धरायची. कडेला छिद्रं असतात. एखादं फाटलेलं असेल तर डोळ्यांआधी बोटांना कळतं. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये कुणीतरी घाईत लावलेला सांधा येतो, त्यावरची चिकटपट्टी वाळून पिवळी पडलेली असते. फिल्म आकसली असेल तर छिद्रांमधलं अंतर मोजायचं, कारण आकसलेली फिल्म यंत्रात घातली की चरचर फाटते. कुठल्या फुटापासून कुठल्या फुटापर्यंत काय दुखणं आहे, ते कागदावर उतरवायचं. एक रीळ असं पाहायला तास-दोन तास सहज जातात. अशी रिळं इथे लाखाच्या वर आहेत.

रंगीत चित्रपटांचं दुखणं निराळंच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या रंगीत प्रतींमधला निळसर रंग आधी उडतो, मग हिरवं रान, निळं आकाश, नायिकेची मोरपंखी साडी, सगळं गुलाबी-तांबडं होऊन बसतं. त्याला एकच उपाय, थंडी, गोठणबिंदूच्या जवळची. पुण्याची हवा चांगली म्हणतात ती माणसांसाठी. चैत्र-वैशाखाचं ऊन आणि श्रावणातली दमट हवा यांतून फिल्मला वाचवायचं तर वातानुकूलित खोल्या वर्षाचे ३६५ दिवस, रात्रीसुद्धा, चालू हव्यात. संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात विजेचं बिल हे संवर्धनाचंच कलम आहे, हे वर बसलेल्यांना पटवण्यात किती जणांची हयात गेली असेल!

इन्स्टिट्यूटच्या छत्राखालून बाहेर पडून संस्था बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या बंगल्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरचा हा जुना दगडी बंगला अजून तिच्याकडे आहे. शेजारी स्वतःची नवी इमारत १९९४ साली उभी राहिली. ग्रंथालय, चित्रपटगृह, साठवणीच्या खोल्या. पुढे कोथरूडलाही साठवणीची जागा झाली. बंगळूर, कोलकाता आणि तिरुवनंतपुरम इथे प्रादेशिक केंद्रं आली. प्रा. सतीश बहादूर आणि नायरसाहेब यांनी घडवलेल्या चित्रपट-रसास्वाद शिबिराने देशभरातून माणसं पुण्यात आणली. नायरसाहेब स्वतः डबे घेऊन कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांना जगातले चित्रपट दाखवले. दाखवल्याशिवाय जपण्याला अर्थ नाही, हे त्यांचं दुसरं पथ्य. पुण्यातल्या आमच्या पिढीने संग्रहालयाच्या पडद्यावर जे पाहिलं, ते आम्हाला दुसरीकडे कुठेही पाहायला मिळालं नसतं.

ऐंशीच्या दशकात आणखी एक शहाणपणाचं काम झालं. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातली जी माणसं हयात होती, त्यांच्या मुलाखती ध्वनिफितीवर घेतल्या. चित्रपट गेले, पण ते करणाऱ्यांचे आवाज राहिले. हे त्या वेळी दुय्यम काम वाटलं असणार. आज तोच खजिना आहे, आणि तोही धोक्याचाच. चुंबकीय फितीवरचा लेप सुटतो, फीत चिकटते. पण त्याआधीच ती वाजवणारं यंत्र बाजारातून नाहीसं होतं. २०१९ साली युनेस्कोने जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता, २०२५ नंतर अशा फिती उतरवून घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाईल म्हणून. फीत शाबूत, पण सुटे भाग नाहीत आणि यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री निवृत्त.

मग जानेवारी २००३. इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म जिथे ठेवली होती, तिथे आग लागली. शेकडो चित्रपटांची हजारो रिळं गेली. त्यांत प्रभातचा मूळ साठाही होता. दुसऱ्या दिवशीपासून वर्तमानपत्रांत एक कहाणी सुरू झाली आणि ती अजून थांबलेली नाही: या आगीत ‘आलम आरा’ जळाला. नायरसाहेबांनी वारंवार सांगितलं की तो संग्रहालयात कधी नव्हताच. जे जळालं त्याचं दुःख पुरेसं मोठं होतं, त्यात न जळलेल्याची भर कशाला? आणि याच आगीतून दुसरी गोष्टही दिसली. ज्या चित्रपटांची नायट्रेटवरून सुरक्षित फिल्मवर आधीच प्रत झाली होती, ते वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळं आज आपण पाहतो, ती उतरवून घेतलेलीच. ज्यांच्यापर्यंत काम पोचलं नव्हतं, ते गेले. आगीचं निमित्त झालं. चित्रपट गेले ते राहून गेलेल्या कामामुळे, असं मला वाटतं.

डिजिटल युग आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. आता कुजणं नाही, आग नाही, ओरखडे नाहीत, हजार प्रती केल्या तरी हजारावी पहिलीसारखीच. महाभारताच्या लेखनिकांना हे कळलं असतं तर त्यांनी लेखण्याच ठेवल्या असत्या. हजारावी प्रत पहिलीसारखीच असते, हे खरंही आहे. प्रत्येक फाइलची गणिताने एक ओळखखूण काढतात, तिला चेकसम म्हणतात. अंगठ्याचा ठसाच तो. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो. प्रत करताना मूळचा ठसा आणि नकलेचा ठसा जुळला की लेखनिकाला डुलकी लागली नाही याची खात्री. भांडारकर संस्थेच्या पंडितांचं निम्मं काम या एका युक्तीने वाचलं असतं.

पण बाकीचं तितकं सोपं निघालं नाही. हिशेबच पाहा. चित्रपटाची एक चौकट ४-के दर्जाने, कसलंही संकोचन न करता उतरवली की सुमारे ५१ मेगाबाइट होते. सेकंदाला २४ चौकटी. दोन तासांच्या चित्रपटाच्या १,७२,८०० चौकटी. म्हणजे एक चित्रपट जवळजवळ ९ टेराबाइट. त्याच्या किमान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. अशा हजारो चित्रपटांचा गुणाकार वाचकाने सवडीने करावा.

आणि हे ठेवायचं कशावर? हार्डडिस्क कपाटात नुसती पडून राहिली तर काही वर्षांनी उठतेच असं नाही. म्हणून मोठ्या संस्था पुन्हा चुंबकीय फितीकडेच वळल्या. एलटीओ नावाची, संगणकासाठीची. २००० साली तिची पहिली पिढी आली, २०२१ साली नववी. नववीच्या एका फितीवर १८ टेराबाइट मावतात. पण फीत तीस वर्षं टिकली तरी ती वाचणारं यंत्र टिकत नाही. आठव्या पिढीच्या यंत्राला सहावीची फीत वाचता येत नाही. म्हणजे दर सहा-सात वर्षांनी सगळं जुन्या फितीवरून नव्या फितीवर उतरवायचं, ठसे जुळवायचे, आणि हे झालं की पुढच्या खेपेची तयारी. ताडपत्राला दोनशे वर्षं मिळत, नायट्रेटला पन्नास, फाइलला सात. उतरवून घ्यायचं काम कमी होण्याऐवजी त्याचा फेरा घट्ट झाला.

अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीने २००७ सालीच हा हिशेब मांडला होता. एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तीच ४-के डिजिटल रूपात सांभाळायला १२,५१४ डॉलर. साठवण तेव्हापासून बरीच स्वस्त झाली आहे, त्यामुळे आकडे जुने धरा. पण फिल्मचा डबा थंड खोलीत ठेवून विसरता येतो आणि फाइल विसरता येत नाही, हा फरक तसाच आहे. म्हणूनच स्कॅन झालं म्हणून मूळ फिल्म टाकून द्यायची नाही, हे जगभरच्या संग्रहालयांनी ठरवून टाकलं आहे. डिजिटल प्रत ही दाखवायची सोय. सिनेमाची मूळ मालमत्ता अजून डब्यातच.

नव्या चित्रपटांना तर डबाच नाही. २०१३-१४ पर्यंत आपल्याकडचे चित्रपटगृहांचे पडदे डिजिटल झाले, फुजीने सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, प्रयोगशाळा एकेक करून बंद पडल्या. आता चित्रपट डिस्कवर येतो आणि चोरी होऊ नये म्हणून कुलूपबंद येतो. किल्लीची मुदत ठरलेली. किल्लीशिवायची अशी डिस्क संग्रहालयात आली, तर ते शंभर वर्षं सांभाळलेलं कुलूप ठरेल. पुस्तकं आणि नियतकालिकं ग्रंथालयांकडे पाठवण्यासाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. चित्रपटांसाठी तसा कायदा नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर प्रत येते, नाहीतर निर्मात्याच्या मर्जीवर. फाळक्यांच्या वेळी काय झालं ते सांगताना आपण हळहळतो. कालपरवा लागलेल्या छोट्या मराठी चित्रपटांच्या हार्डडिस्क कुठल्या खणात पडल्या आहेत, हे कुणी विचारत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान ५९७ कोटी रुपयांचं. आजवर जगात फार थोड्या देशांनी सिनेमा जपण्यासाठी एवढी रक्कम बाजूला काढली असेल. त्यातून रिळांची तपासणी, स्कॅनिंग आणि पुनरुज्जीवन सुरू झालं. मे २०२२ मध्ये २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. त्याआधी मार्च २०२२ च्या अखेरीस संस्थेचं स्वतंत्र अस्तित्व संपून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, फिल्म्स डिव्हिजन आणि बालचित्र समितीबरोबर विलीन झाली. त्यावर वादही झाले. महामंडळाचं काम चित्रपट काढणं-विकणं, संग्रहालयाचं काम नफातोट्याशी संबंध नसलेलं. ही सोयरीक जमेल का, ही शंका मलाही आहे. पण फळं दिसू लागली हेही नोंदवायला हवं. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, २०२३ साली गोव्याच्या इफ्फी महोत्सवात ४-के रूपात पुन्हा पडद्यावर आला. आयुष्यभर दूरदर्शनवर तो करड्या धुक्यात पाहिलेल्यांना आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंच्या नऊवारीचा काठ पहिल्यांदा दिसला.

माझी तक्रार वेगळी आहे. अभियानाला सुरुवात असते, शेवट असतो, उद्घाटन असतं. लेखनिकाच्या कामाला यांतलं काहीच नसतं. आज स्कॅन झालेल्या चित्रपटांची फीत २०३० च्या आसपास नव्या पिढीवर उतरवायची आहे, मग २०३७ ला, मग २०४४ ला. त्या-त्या वर्षी त्यासाठी ठरलेली रक्कम आणि ते काम जाणणारी चार-सहा पगारी माणसं असतील, तर संग्रहालय आहे. नसतील, तर आजचं सारं स्कॅनिंग म्हणजे वीस वर्षांनंतरची आग आहे, फक्त तिला धूर नसेल. नायरसाहेबांवर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट २०१२ साली केला. पुढे २०१४ साली त्यांनी मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन काढलं आणि फिल्म हाताळायला शिकवणारी शिबिरं देशात ठिकठिकाणी सुरू केली. यंत्रं विकत मिळतात, बोटांना फाटलेलं छिद्र कळणारी माणसं घडवावी लागतात. त्या अर्थी ही शिबिरं मला स्कॅनरांइतकीच मोलाची वाटतात. नायरसाहेब ४ मार्च २०१६ रोजी पुण्यातच गेले.

जाता जाता घरचं एक सांगतो. माझ्या आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी कॅसेटवर घेतल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी मी ती एका दुकानात देऊन सीडी करून आणली आणि आता कशाला अडगळ, म्हणून कॅसेट टाकून दिली. पाच-सहा वर्षांपूर्वी सीडी काढली तर चकतीवरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला. यंत्राने ती नाकारली. आजीच्या ओव्यांपैकी मला आज दोन आठवतात, चाल एकीचीच. दुकानदाराचा दोष नाही. मूळ टाकलं मी.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना विनंती आहे. माळ्यावर पत्र्याखाली पडलेले फिल्मचे डबे, कॅसेट, लग्नाच्या व्हिडिओ फिती, सिनेमाच्या गाण्यांची जुनी चोपडी असतील तर दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. खाली उतरवा, कोरड्या कपाटात ठेवा, कोण आहे, कुठलं आहे, साल कोणतं, हे पेन्सिलने कागदावर लिहून आत ठेवा. उतरवून घेतलं तरी मूळ ठेवा आणि एक प्रत भावाच्या किंवा बहिणीच्या घरी द्या. डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर तो बाकीच्यांपासून वेगळा करा आणि थांबू नका. फिल्म १९५० च्या आधीची असेल तर घरी दिव्याजवळ उघडू नका, यंत्रावर चालवून पाहू नका. लॉ कॉलेज रस्त्यावर कळवा.